रिपोर्ट नॉर्मल, ताप मात्र तसाच

पावसाळ्यात तुमच्याआमच्या घरी एकदा तरी कुणी ना कुणी तापानं झोपतंच. पहिल्या दिवशी आपण तापाची गोळी देतो, दुसऱ्या दिवशी गवती चहा-आल्याचा काढा, आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. मग डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात: मलेरिया, डेंग्यू, विडाल, रक्तातल्या पेशी. सकाळी लॅबमधला मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी रिपोर्ट येतो, आणि त्यावर सगळीकडे 'निगेटिव्ह' वाचलं की आपला जीव भांड्यात पडतो. "काही निघालं नाही हो!" असं शेजारच्या वहिनींना आपण लगेच सांगूनही टाकतो. मैत्रिणींनो, मला आज बोलायचंय ते ह्या 'काही निघालं नाही'बद्दल. अंग तव्यासारखं तापलेलं असताना कागदावर काही निघालं नाही, तर त्याचा अर्थ नेमका काय घ्यायचा?

निमित्त आमच्या घरचंच आहे. २०२२ सालचा श्रावण. सासूबाई त्यांच्या भावाकडे, घोटीजवळच्या खेड्यात गेल्या होत्या. भाचसुनेची पहिली मंगळागौर. घोटी-इगतपुरीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. भाताची खाचरं तुडुंब भरलेली आणि बांधावर गुडघाभर गवत. बाजारातल्या जुडीत कसली आलीय सोळा प्रकारची पत्री, असं सासूबाईंचं ठाम मत! वयाच्या ६४ व्या वर्षी त्या आदल्या दिवशी स्वतः बांधाबांधानं फिरल्या. आघाडा, माका, दूर्वा, काय काय गोळा केलं. गवतात फतकल मारून बसल्या आणि दोन परड्या भरूनच उठल्या. रात्रभर फुगड्या-झिम्मा पाहिला आणि दोन दिवसांनी नाशकात परतल्या त्या अगदी खुशीत.

दहा-अकरा दिवसांनी, ऐन पोळ्याच्या दिवशी त्यांना ताप भरला. साधासुधा नव्हे, हुडहुडी, डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी मलेरिया नाही, डेंग्यू नाही. चौथ्या दिवशी विडाल केली, त्यात टायफॉइडचा आकडा १:८० आला. झालं, 'टायफॉइडची सुरुवात' म्हणून गोळ्या सुरू झाल्या. हरताळकेला ताप १०३. गणपती बसले त्या दिवशी आरती आटोपून आम्ही त्यांना जवळच्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. तिथं सलाइन आणि रोज दोन वेळा महागडं इंजेक्शन. प्लेटलेट्स मात्र उतरतच होत्या, दीड लाखाच्या आसपासच्या थेट ६८ हजारांवर आल्या. भेटायला येणारं प्रत्येक माणूस पपईच्या पानांचा रस नाहीतर किवी घेऊन येत होतं. (किवी हे फळ नाशकात डेंग्यूच्या नावावर किती खपतं, ह्याचा कुणीतरी हिशेब काढायला हवा.) डेंग्यूची तपासणी 'नाही' आली होती, तरी प्लेटलेट्स उतरल्या म्हणजे डेंग्यूच, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. प्लेटलेट्स मलेरियात उतरतात, लेप्टोत उतरतात, आणि मी सांगणार आहे त्या तापातही उतरतात, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

गौरी यायच्या दिवशी घरी जाऊबाई गौरी आणत होत्या आणि मी सासूबाईंजवळ. तापाचा नववा दिवस. त्या ग्लानीतच होत्या. सिस्टरनं कोमट पाणी आणून दिलं, म्हटलं अंग पुसून लुगडं बदलावं. परकराची नाडी सोडली, तर कमरेच्या डाव्या बाजूला, बरोबर नाडीच्या वळाखाली, एक काळा डाग. तुरीच्या दाण्याएवढा, उदबत्तीचा चटका बसून खपली धरावी तसा, भोवती लालसर कडं. मी बोट लावलं तर त्यांना दुखलंही नाही. "आई, हे काय?" म्हटलं तर म्हणाल्या, "नाडी घासली असेल गं. आहे पाच-सहा दिवस."

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत ह्या शेतात, गवतात कुठे गेल्या होत्या का?" पत्रीची सगळी हकीकत मी सांगितली. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" त्यावर ग्लानीतही सासूबाईंनी उत्तर दिलं, "अहो, तुम्ही तापाचं विचारलंत. नाडी घासल्याचं काय सांगायचं?"

त्या तापाचं नाव स्क्रब टायफस. नावात टायफस असला तरी टायफॉइडशी त्याचं काही नातं नाही. झुडपांत, उंच गवतात, उंदीर-घुशींच्या वस्तीजवळ एक अगदी बारीक किडा असतो. त्याचं पिल्लू, ज्याला चिगर म्हणतात, ते मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं. डोळ्यांना दिसायचं कठीणच. ते अंगावर चढतं आणि जिथं कपडा घट्ट बसतो तिथं अडतं: कंबर, काख, जांघ, स्तनांखालची घडी. तिथं ते चावतं, पण कळतसुद्धा नाही. त्यातून जो जंतू शिरतो त्याच्या नावात सुत्सुगामुशी असा जपानी शब्द आहे. मुशी म्हणजे किडा, आणि सुत्सुगा म्हणजे आजार-अनिष्ट. हा जंतू आपल्या शरीरातल्या पेशींच्या आत घर करून राहतो. टायफॉइडवरची ती भारी इंजेक्शनं त्याला लागूच पडत नाहीत. लागू पडतं ते डॉक्सिसायक्लिन नावाचं जुनं, स्वस्तातलं औषध. ते वेळेवर मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. नाही मिळालं तर फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू ह्यांवर उतरतो आणि माणूस हातचं जातं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात ह्याची साथ आली होती, माणसं दगावली होती. वर्तमानपत्रांत तेव्हा हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलंही असेल. एका माणसाचा दुसऱ्याला होत नाही, हीच त्यातली एक बरी गोष्ट.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. मला वाटलं, हे कसं? आधी रोग कळायला नको? पुढे समजलं की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाच तशा आहेत. ह्या तापाचा दाट संशय आला की तपासणीच्या कागदासाठी औषध अडवून ठेवू नये. गौरी विसर्जनाच्या दिवशी सासूबाईंचा ताप ९९ वर आला. त्याच दुपारी एक रिपोर्ट आला, 'वाइल-फेलिक्स: निगेटिव्ह'! आमचे हे तो कागद घेऊन गोंधळून उभे. ताप तर उतरलाय आणि कागद म्हणतो हा तो ताप नव्हेच. आणखी तीन दिवसांनी बाहेरगावी पाठवलेल्या दुसऱ्या नमुन्याचा रिपोर्ट आला, 'आय जी एम एलायझा: पॉझिटिव्ह'. तोवर सासूबाई घरी येऊन वरणभात जेवत होत्या.

आता हे असं का होतं, ते आपण बायकांना समजायला मुळीच अवघड नाही. रात्री दुधाला विरजण लावलंत आणि तासाभरानं झाकण काढून पाहिलंत, तर दूध दूधच दिसणार. त्यावरून विरजण लागलं नाही असं कोणी म्हणतं का? रक्ताच्या ह्या तपासण्या बहुतेक जंतूला शोधत नाहीतच. जंतूविरुद्ध आपल्या शरीरानं जी प्रतिद्रव्यं तयार केली, ती शोधतात. ती तयार व्हायला पाच-सात दिवस जातात, कधी जास्त. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिलं तर तपासणी खरं बोलूनही 'नाही' म्हणणार. आणि गंमत अशी की प्रतिद्रव्यं एकदा तयार झाली की काही महिने रेंगाळतात. म्हणजे आज 'आहे' आलं तरी ते मागच्या हंगामातल्या जुन्या तापाचं असू शकतं. खात्री करायची तर आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त घेऊन दुसऱ्या वेळी आकडा चौपट चढला का ते पाहायचं. शास्त्राला हे ठीक आहे, पण तापलेल्या माणसाला पंधरा दिवस थांब म्हणून कोण सांगणार?

वाइल-फेलिक्सची तर कथाच मजेदार आहे. वाइल आणि फेलिक्स ह्या दोघांनी १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती शोधली. टायफस झालेल्या रोग्याच्या लघवीत त्यांना प्रोटियस नावाचा एक भलताच जंतू सापडला, आणि टायफसच्या रोग्याचं रक्त त्या जंतूला ओळखतं असं दिसलं. जंतू वेगळा, पण अंगावरची खूण सारखी. चोराचा फोटो नाही म्हणून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा फोटो दाखवून "हाच का तो?" असं विचारावं, तशातला हा प्रकार. कधी ओळख पटते, पुष्कळदा पटत नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती अजून वापरतात, कारण ती स्वस्त आहे आणि लहान गावातल्या लॅबमध्येही करता येते. एलायझा तिच्यापेक्षा बरीच भरवशाची; पण तिथंही कितीच्या पुढे 'आहे' म्हणायचं तो आकडा प्रांताप्रांतानं बदलतो. खपली असेल तर ती खपलीच तपासणीला पाठवून त्यात जंतूचा अंश शोधता येतो. ती सोय मात्र मोठ्या ठिकाणीच.

विडालचं म्हणाल तर तीही १८९६ सालची. आपल्याकडे टायफॉइड इतका जुना पाहुणा आहे, की पूर्वी कधीतरी तो होऊन गेलेल्या किंवा नुसता चाटून गेलेल्या माणसाच्या रक्तातही थोडाफार आकडा निघतोच. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये असं डॉक्टर मंडळी स्वतःच सांगतात. खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. त्याला काही दिवस लागतात, आणि मुख्य म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घ्यावं लागतं. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या दोन गोळ्या पोटात गेल्या की ते कल्चर बिघडलंच म्हणून समजा.

तुम्हाला वाटेल, आपल्या देशातच हा घोळ. तसं नाही. माझी एक भाची न्यू जर्सीला असते. तिकडे गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम नावाचा रोग आहे. भारतात त्याची नोंद अगदी तुरळक, पण तिकडे उन्हाळ्यात घरोघरी त्याचं भय. त्याचं नाव पडलं कनेक्टिकट राज्यातल्या लाइम ह्या गावावरून, आणि तो उजेडात आला तो एका घरगृहस्थीच्या बाईमुळे! पॉली मरे तिचं नाव. चार मुलांची आई. तिला स्वतःला, नवऱ्याला, मुलांना वर्षानुवर्षं सांधेसूज, पुरळ, ताप. तपासण्यांत काही निघेना, डॉक्टरांना वाटे बाईच्या मनाचे खेळ आहेत. (हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे की नाही?) पण बाई चिवट. कुणाला कधी काय झालं ते ती लिहून ठेवत गेली. गावातल्या आणखी घरांतूनही तेच चाललंय हे तिच्या ध्यानात आलं. १९७५ साली तिनं, आणि ज्युडिथ मेन्श नावाच्या दुसऱ्या एका आईनं, सरकारी आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. तेव्हा येल विद्यापीठाचे डॉक्टर अ‍ॅलन स्टीअर चौकशीला आले, आणि हा एक निराळाच रोग आहे हे जगाला कळलं. जंतू सापडला तो पुढे, विली बर्गडॉर्फर ह्या शास्त्रज्ञाला. त्याची माहिती १९८२ साली प्रसिद्ध झाली.

आणि इतकं होऊनही लाइमची तपासणी अजून अडखळतेच. तीही प्रतिद्रव्यांचीच. एकीत संशय आला की दुसरी करायची, अशी दोन पायऱ्यांची. पहिल्या काही आठवड्यांत ती 'नाही' म्हणू शकते, आणि बरं झाल्यावर वर्षानुवर्षं 'आहे' म्हणत राहते. भाचीच्या नवऱ्याच्या मांडीवर मोठं गोल लाल चकंदळ उठलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलंच नाही. चकंदळ नीट पाहिलं, कुठे हिंडायला गेला होतास ते विचारलं आणि औषध लिहून दिलं. भाची फोनवर कुरकुरत होती, "मावशी, इतके पैसे घेतात आणि साधी ब्लड टेस्टसुद्धा नाही." मी मनात म्हटलं, बाई, तुझा डॉक्टर शहाणा आहे.

आपल्याकडे गोरखपूरची गोष्ट तर फार वाईट. पावसाळा आला की तिथं लहान मुलांना मेंदूचा ताप यायचा, मुलं पटापट दगावायची. १९७८ पासून ते सगळं जपानी मेंदूज्वराच्या नावावर. त्याची लसही देऊ लागले, तरी मुलं यायची थांबेनात. २०१४ नंतरच्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात ह्या स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या. जो रोग चिठ्ठीवर लिहिलाच नाही, तो लॅब शोधणार तरी कशी? मलेरिया विचारलात तर मलेरियाचं उत्तर मिळेल. आपल्या महाराष्ट्रातही गोचिडी-तापाचा अभ्यास काही आजचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाहणीचा निबंध १९८४ सालीच छापून आला आहे, अकोला-सोलापूरच्या बालरोगतज्ज्ञांनीही अशा तापाच्या मुलांबद्दल लिहिलं आहे. आणि २०१६ साली सिंधुदुर्गात गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापानं काजूच्या बागांमधल्या माणसांना घेरलं होतं. सांगायचं काय, तर 'आपल्याकडे असलं काही नसतं' हे वाक्य फारसं खरं नाही.

आता एक नाजूक गोष्ट बोलते. सासूबाईंना दोन डॉक्टरांनी तपासलं. दोघांनीही स्टेथोस्कोप पदरावरून लावला, पोट लुगड्यावरून दाबून पाहिलं. म्हातारी बाई, पुरुष डॉक्टर, बाहेर मुलगा उभा. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आणि ती खूण मात्र नेमकी जिथं आपण बायका कुणाला दाखवत नाही तिथंच असते: नाडीखाली, काखेत, छातीखाली, जांघेत. ही खपली प्रत्येक रोग्यात सापडत नाही हे खरं. सावळ्या अंगावर चटकन दिसत नाही, घामाच्या घडीत ती काळी न राहता नुसतं ओलं लाल होतं, हेही खरं. पण पाहिलीच नाही तर सापडणार कुठून? चार दिवसांवर गेलेला ताप असेल तर घरातल्या बाईनंच, दार लावून, चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत अंग पाहावं. कानामागे, केसांतसुद्धा. दवाखान्यात असाल तर सिस्टरला सांगा, पडदा ओढून देतात. लहान मुलांचं आपण न्हाऊमाखू घालताना पाहतोच. राहतात ती मोठी माणसं, आणि त्यांतही सासवा!

दुसरं म्हणजे तारखा. आमच्याकडे दुधाचे खाडे लिहायच्या कॅलेंडरवरच मी सासूबाईंचा ताप मांडला होता, म्हणून नववा दिवस हे मला छातीठोक सांगता आलं. नाहीतर दवाखान्यात "झाले हो आठेक दिवस" हेच उत्तर. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ह्यावर कोणती तपासणी खरी बोलेल ते ठरतं, हे वर आलंच आहे. डेंग्यूची एक तपासणी पहिल्या दिवसांत चालते, दुसरी पाचेक दिवसांनंतर. शिवाय गेल्या तीन आठवड्यांत माणूस कुठे गेलं होतं तेही आठवून सांगा, डॉक्टर घाईत असले तरी सांगा. शेत, द्राक्षबाग, डोंगर, गुरांचा गोठा, ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी किती माणसं रात्रभर अनवाणी गवत तुडवत ती फेरी करतात! त्यांतल्या कुणाला पुढे ताप आला तर फेरीचा उल्लेख दवाखान्यात कोण करतं? आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, ताप मात्र उतरेना, तर "आता परत कधी करायची तपासणी?" असं सरळ विचारा. डॉक्टरांना राग येत नाही. आलाच तर येऊ द्या.

हे वाचून कृपा करून कुणी स्वतःच्या मनानं डॉक्सिसायक्लिन आणून खाऊ नका. दिवस गेलेल्या बाईला ते चालत नाही, तिच्यासाठी ह्याच तापावर दुसरं औषध आहे, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

स्क्रब टायफसवर लस नाही. तेव्हा गवतात जाताना पाय झाकावेत, उघड्या गवतावर बसू नये, बसायचंच तर जाडसर काहीतरी अंथरावं. घरी आल्याबरोबर साबण लावून अंघोळ करावी आणि अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाकावेत. खेड्यावर धुतलेली लुगडी कुंपणाच्या झुडपांवर, गवतावर वाळत घालायची आपली जुनी सवय. ती सोडून दोरी बांधावी. सासूबाईंना हे सगळं पटलं आहे. फक्त पत्रीला जाताना पायमोजे घाला म्हटलं की त्या म्हणतात, "मोजे घालून कुणी पत्री आणतं का गं?" गेल्या श्रावणात जाऊबाईंनी पिशवीत मोजे आणि बसायला प्लॅस्टिकचं पोतं घालून दिलं होतं. पोतं वापरलं, मोजे तसेच घडी न मोडता परत आले.